ओरत्तनाडुचं छत्र : रिकाम्या जागेची श्रीमंती



आजचा विषय घराचा आहे. सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून करू, कारण तो तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. पुणे असो, इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, बिल्डरच्या ऑफिसला लागून तो सजवून ठेवलेला असतो. पांढऱ्या भिंती, एक लांबलचक सोफा, कपाटांना मुठी नाहीत, दिवे छतात लपवलेले. बरोबरचा मुलगा हळू आवाजात सांगतो, ‘सर, यात दाखवेगिरी काहीच नाही. ही अंडरस्टेटेड लक्झरी.’ मग तो किंमत सांगतो, आणि काही न दिसण्यासाठी किती पैसे मोजावे लागतात ते आपल्याला कळतं.

मी या गोष्टीची थट्टा करत नाही. मोजकं सामान, मोकळी जमीन आणि चांगला उजेड यांत सुख आहेच. पण त्या खोलीत उभं राहिल्यावर माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो. ही जागा रिकामी ठेवली आहे ती कोणासाठी?

या प्रश्नाचं एक उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने बांधून ठेवलं. ते महाराष्ट्रात नाही. ते तमिळनाडूत आहे, तंजावरच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, ओरत्तनाडु नावाच्या गावी. तिथे जायच्या आधी थोडा वेळ युरोपात जाऊन येऊ.

साधेपणा महाग कसा झाला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात आडोल्फ लोस नावाचा वास्तुकार होता. इमारतींवरच्या नक्षीकामाचा त्याला मनस्वी तिटकारा. अलंकरण म्हणजे जवळजवळ गुन्हाच, अशा अर्थाचं त्याचं व्याख्यान गाजलं आणि आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते वाचावं लागतं. त्याने प्राग शहरात एका श्रीमंत बांधकाम व्यावसायिकासाठी बांधलेलं घर १९३० साली पूर्ण झालं. बाहेरून पाहिलं तर पांढरा ठोकळा. आत गेलं की हिरव्या शिरांचा संगमरवर आणि उंची लाकूड. लोसचं म्हणणं असं, की घराने बाहेर गप्प राहावं आणि आपली श्रीमंती आतल्या माणसांना दाखवावी.

आज आपण ज्याला न मिरवणारी श्रीमंती म्हणतो, तिची एक मोठी परंपरा इथून निघते. तिचा नियम सोपा आहे. नक्षी काढून टाका, साहित्य अस्सल वापरा, जागा मोकळी सोडा. या श्रीमंतीचा भोक्ता मात्र एकच, घराचा मालक. पांढऱ्या भिंतीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीच मिळत नाही.

हे लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर कावेरीच्या मुलखात चला.

राज्य गेलेला राजा

तंजावरचे मराठे कोण, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं. तेव्हापासून १८५५ पर्यंत, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, तिथे भोसल्यांची गादी होती. दरबारात मराठी बोलली जायची, कागद मोडीत लिहिले जायचे, आणि बाहेर रस्त्यावर तमिळ आणि तेलुगू.

आपल्या गोष्टीतले राजे म्हणजे दुसरे सरफोजी. जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. गादीसाठी चुलते अमरसिंग यांच्याशी वाद झाला, आणि १७९८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याकडून तह करून घेतला. मुलूख कंपनीचा झाला. राजांच्या हाती किल्ला, वर्षाला एक लाख पागोडांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढंच उरलं.

म्हणजे बावीस वर्षांचा एक शिकलेला, हुशार माणूस. खजिना बऱ्यापैकी, सत्ता जवळजवळ शून्य. असा माणूस काय करतो? बरेच संस्थानिक अशा वेळी महाल बांधतात, झुंबरं टांगतात. सरफोजींनाही वस्तूंची हौस होतीच, ते काही विरक्त नव्हते. त्यांनी देशोदेशींची पुस्तकं जमवली आणि सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला. १८०५ साली देवनागरी टाइपांचा छापखाना काढला आणि त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आणि याच सुमारास, १८०२ साली, त्यांनी ओरत्तनाडुला एक छत्र बांधलं.

मुक्तांबाबाईंच्या नावाने

छत्र म्हणजे काय? आपल्याकडे अन्नछत्र हा शब्द आहे. मूळ संस्कृत शब्द सत्र. लोकांच्या तोंडी सत्राचं छत्र झालं. तमिळमध्ये त्याचंच ‘सत्तिरम्’. वाटसरूने यावं, जेवावं, पाठ टेकावी, आजारी असेल तर बरं होऊन पुढे जावं, अशी जागा. धर्मशाळा, खानावळ आणि दवाखाना यांचं हे मिश्रण.

तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रं बांधली आणि त्यांना बहुधा राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. नीडामंगलमला यमुनांबा, मणमेलकुडीला द्रौपदांबा. ओरत्तनाडुच्या छत्राला नाव मिळालं मुक्तांबांचं. मुक्तांबाबाई या सरफोजींच्या प्रिय सहचारिणी. त्या पट्टराणी नव्हत्या. त्या अकाली गेल्या. सांगतात ते असं, की शेवटच्या आजारात त्यांनी एकच मागणं केलं: राण्यांच्या नावाने जशी छत्रं आहेत, तसं एक माझ्याही नावाने असावं.

या मागण्याकडे जरा थांबून पाहा. ज्या स्त्रीला राजघराण्यात राणीचा मान नव्हता, तिने दागिना मागितला नाही, समाधी मागितली नाही. अनोळखी माणसं जिथे जेवतील असं घर मागितलं. त्या काळच्या तंजावरात प्रतिष्ठेचं ते सर्वात वरचं माप होतं, हे यावरून कळतं. राजांनी ते मागणं पुरं केलं, आणि गावालाच मुक्तांबाळपुरम असं नाव मिळालं.

जागाही विचार करून निवडलेली होती. काशी आणि रामेश्वर या दोन टोकांमधली यात्रा आपल्या ओळखीची आहे. नाथांनी गाढवाला पाणी पाजलं त्या गोष्टीतली कावड रामेश्वरलाच निघाली होती. उत्तरेकडून येणारा यात्रेकरू तंजावरला पोचला, की पुढे ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, मग समुद्रकाठ धरून रामेश्वर. तंजावरहून सकाळी निघालेला पायी माणूस संध्याकाळी जिथे थकून बसेल, साधारण तिथे हे छत्र आहे.

आणखी एक गोष्ट. आज ओरत्तनाडुच्या आसपास कालव्याचं पाणी आणि हिरवी शेतं दिसतात. पण तो कालवा मेट्टूर धरणाबरोबरचा, म्हणजे १९३४ च्या सुमाराचा. १८०२ साली कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश मागे टाकून वाटसरू इथे कोरड्या, उंचावरच्या जमिनीत शिरायचा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास, आणि पाऊस पडणार तो ऑक्टोबरनंतर. अशा ठिकाणी सावली आणि विहिरीचं थंड पाणी ही चैन होती. आज आपल्याला इटालियन संगमरवर वाटतो, त्याहून मोठी.

चुना, चौक आणि ओसरी

आता वास्तूबद्दल. आजच्या अर्थाने ही इमारत मिनिमलिस्ट नाही, हे आधीच सांगतो. तिच्यात कोरीवकाम आहे. पण तंजावरच्या राजवाड्यातला मराठा दरबार आठवा. तिथे खांबांपासून छतापर्यंत इंचभर जागा रंगाविना सोडलेली नाही. एकाच घराण्याने बांधलेल्या या दोन वास्तू. राजवाड्यात नजर भरते. छत्रात अंग निवतं.

अशा वास्तूची रचना मराठी माणसाला परकी वाटणार नाही. मधे चौक, चौकाभोवती खांबांच्या ओसऱ्या, ओसऱ्यांच्या मागे खोल्या. आपल्या वाड्यात जो चौक, तोच तमिळ घरात ‘मुट्रम्’. आपली ओटी किंवा पडवी, तसं त्यांचं रस्त्याकडेचं ‘तिण्णै’. फरक एवढाच, की घाटावरच्या वाड्याला चढाईची भीती होती म्हणून त्याच्या बाहेरच्या भिंती आंधळ्या आणि दरवाजा भक्कम. तिण्णै मात्र थेट रस्त्यावर उघडतं. दाराची कडी न वाजवता कोणीही तिथे बसावं, यासाठीच ते बांधलेलं असतं.

त्या भागातलं जुनं बांधकाम विटा आणि चुन्याचं. चुना घाणीत मळायचा, भिजवून मुरवायचा. त्यात हिरड्याचा अर्क आणि गूळ घालायची तिथे रीत होती, त्याने चुना घट्ट धरतो. शेवटचा हात इतका घोटून द्यायचा की भिंत गुळगुळीत होते आणि हाताला थंड लागते. छत सागवानी वाशांवर. वाशांवर छोट्या पातळ विटा उभ्या आणि तिरक्या लावायच्या, वर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर, आणि तो थर लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकायचा. पुढे याला मद्रास टेरेस असं नाव पडलं.

यातली एकही गोष्ट डोळ्यात भरणारी नाही. पण जाड भिंत दुपारची उष्णता आत पोचू देत नाही, चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीतून गार हवा आत ओढली जाते. पंखा नसलेल्या काळात दुपारी दोन वाजता शांत झोप लागेल अशी जागा बांधायला हे सगळं ज्ञान लागतं, वेळ लागतो आणि भरपूर पैसा लागतो. लोसच्या घरात संगमरवर भिंतीच्या आत लपलेला आहे. इथे खर्च भिंतीच्या जाडीत लपलेला आहे, आणि त्याचा लाभ बाहेरून आलेल्या माणसाला मिळतो.

मध्यरात्रीची घंटा

आता मी ज्या कागदासाठी हा भाग करतो आहे, त्याकडे येतो.

कंपनीने मुलूख घेतल्यावर प्रश्न आला छत्रांचा. प्रत्येक छत्राला गावं लावून दिलेली होती. त्या गावांच्या उत्पन्नावर ती चालायची. मुलूख कंपनीचा, मग ही गावंही कंपनीचीच का नकोत? हिशेब पाहणाऱ्या साहेबाला यात्रेकरूंना फुकट जेवू घालणं ही उधळपट्टी वाटणं अगदी शक्य होतं. तेव्हा १८०१ च्या जानेवारीत सरफोजींनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिलं. ओरत्तनाडुचं छत्र उभं राहण्याच्या एक वर्ष आधीचं हे पत्र आहे.

या पत्रात इमारतींचं वर्णन जवळजवळ नाही. किती खांब, किती चौक, काही नाही. आत काय चालतं, ते त्यांनी लिहिलं आहे. माझ्या शब्दांत सांगतो. ब्राह्मणापासून परैयापर्यंत जो वाटसरू येईल त्याला जेवण मिळतं. शिजलेलं अन्न ज्यांना चालत नाही, त्यांना शिधा मिळतो. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवून पुकारा करतात, की अजून कोणी उपाशी राहिलं असेल तर त्याने यावं.

पुढे आणखी आहे. जो आजारी पडेल त्याला औषध आणि पथ्याचं जेवण, तो बरा होईपर्यंत. साप-विंचवाच्या विषावर उपचार जाणणारे वैद्य. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाई तिथे बाळंत झाली, तर खर्च छत्राचा, आणि बाळंतपणानंतर तीन महिने राहण्याची मुभा. अनाथ मुलांना पंतोजींच्या हवाली करायचं, तीन वेळा जेवण, चार दिवसांतून एकदा अंगाला तेल, आणि ज्या विद्येची आवड दिसेल ती शिकवायची. कोणी तिथेच वारला, तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार.

चार दिवसांतून एकदा तेल. राज्य गमावलेला राजा परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याला पत्र लिहितो आहे, आणि त्यात पोरक्या मुलाच्या अंगाला किती दिवसांनी तेल लागतं ते नोंदवतो आहे. श्रीमंती कशाला म्हणतात, याची यापेक्षा नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही.

अर्थात, हे पत्र म्हणजे एक अर्ज आहे, आणि अर्जात माणूस आपली बाजू उजळ करूनच मांडतो. सगळ्या छत्रांत सगळे दिवस सगळं असंच चाललं असेल, असं मानायचं कारण नाही. पण तंजावर दरबाराचे मोडी कागद उरले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कागदांचं तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केलं आहे. त्यांतून छत्रांचे रोजचे हिशेब दिसतात. ही व्यवस्था प्रत्यक्ष चालत होती, एवढं त्यांतून नक्की कळतं.

सहा भाषांची शाळा

मुक्तांबाळपुरमच्या छत्रात सरफोजींनी एक भर घातली. १८०३ च्या सुमारास तिथे शाळा सुरू झाली. जुन्या पाठशाळेसारखी फक्त वेदांची नाही. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा भाषा आणि नवी शास्त्रं तिथे शिकवली जात. सरफोजींच्या शिक्षणप्रेमाची झलक पाहायची तर त्यांच्या नावावरचं ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक पाहावं. त्यात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून.

महाराष्ट्रात पेशवाई अजून होती, एल्फिन्स्टन साहेबाच्या शाळा निघायला बराच अवकाश होता, तेव्हा ओरत्तनाडुच्या ओसरीत मुलं मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी शिकत होती. आणि ती खास शाळेसाठी बांधलेली वास्तू नव्हती. ओसरी मोकळी होती, म्हणून शाळा भरली. रिकाम्या जागेची ही गंमत असते. ती कशासाठी लागेल हे बांधणाऱ्याला आधी ठाऊक नसतं.

दार कोणासाठी उघडं?

आता अवघड भाग. ‘ब्राह्मणापासून परैयापर्यंत’ असं पत्रात आहे. पण त्या काळातल्या पंगती जातीजातीच्या होत्या. जेवण सगळ्यांना होतं, एकत्र नव्हतं. शिधा देण्याची सोय ही औदार्याची खूण आहे आणि सोवळ्याची सुद्धा. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि इतिहास सांगताना यातलं एक गाळलं तर ती जाहिरात होते.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. छत्रांचा कारभार सरकारकडे आणि पुढे स्थानिक मंडळांकडे गेला. छत्रांच्या उत्पन्नावर शाळा आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालू लागली. तिथे पुन्हा तोच प्रश्न आला, की आत कोण राहणार?

१९२०च्या दशकात तंजावर जिल्हा मंडळाचे अध्यक्ष होते ए. टी. पन्नीरसेल्वम, जस्टिस पक्षाचे नेते. ओरत्तनाडु आणि राजामडम इथली छत्राच्या पैशांवर चालणारी वसतिगृहं ब्राह्मणेतर आणि दलित मुलांना खुली करण्याचं श्रेय द्रविड चळवळीच्या इतिहासात त्यांना दिलं जातं. पुढे १९४० साली ओमानच्या आखातावर ‘हॅनिबल’ नावाचं विमान बेपत्ता झालं. त्यात तेही होते.

मला इथे एक सलग रेघ दिसते. मुक्तांबाबाईंना राण्यांच्या यादीत जागा नव्हती. त्यांच्या नावाच्या घरात सव्वाशे वर्षांनी अशा मुलांना जागा मिळाली, ज्यांना तोवर आतल्या पंगतीत जागा नव्हती. राजाच्या पत्रातला शब्द पुरा व्हायला एवढा काळ गेला, आणि तो पुरा केला मराठी राजघराण्याशी काही संबंध नसलेल्या एका तमिळ नेत्याने. दगडविटांचं दार राजाने बांधलं होतं. ते पूर्ण उघडायला दुसरं कोणी यावं लागलं.

महेश्वरचा वाडा

हे फक्त तंजावरचं नाही. मध्य प्रदेशातल्या आपल्या श्रोत्यांनी महेश्वरचा अहिल्याबाईंचा वाडा पाहिला असेल. लाकडी खांब, साधी ओसरी, बसायला पांढरी गादी. होळकरांची दौलत हातात असलेल्या स्त्रीचं हे राहतं घर. त्यांचा पैसा पाहायचा असेल तर वाड्यातून खाली उतरून नर्मदेच्या घाटावर जावं लागतं. किंवा काशीला, १७८० साली उभारलेल्या विश्वनाथाच्या देवळाकडे, किंवा देशभर पसरलेल्या धर्मशाळा आणि विहिरींकडे. आपल्या घरात कमी आणि वाटेवर जास्त, असा हा हिशेब. सरफोजींचा राजवाडा काही महेश्वरच्या वाड्याइतका साधा नव्हता. पण पैशाने वाटसरूला सावली विकत घ्यावी, ही समज दोघांचीही सारखीच.

आज काय उरलं

ओरत्तनाडु आज तालुक्याचं गाव आहे. छत्राच्या वास्तूचा उपयोग पुढे सरकारी शाळा आणि वसतिगृहासाठी झाला. तंजावरच्या रामेश्वर वाटेवरच्या छत्रांपैकी बरीच पडझडीला लागली आहेत, आणि त्यामागचं एक कारण अगदी साधं आहे. चुन्याची भिंत ओल शोषते आणि पुन्हा बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती ओल आत कोंडते, आणि आतली वीट भुसभुशीत होते. वरून दुरुस्ती झालेली दिसते, आतून भिंत सडते. शिवाय छताच्या चुन्याला दर काही वर्षांनी हात लागतो. हात लावणारे कारागीर कमी झाले, आणि त्यांना पगार देणारी गावंही आता छत्राकडे नाहीत.

म्हणजे या वास्तूचा खरा आधार चुना नव्हता. गावांचं उत्पन्न, स्वयंपाकी, वैद्य, पंतोजी आणि मध्यरात्री घंटा वाजवणारा माणूस, या सगळ्यांवर ती उभी होती. ती माणसं गेली की मागे उरतात खांब, आणि आपण त्यांना वारसा म्हणतो.

तिकडच्या गावांत घरांची तिण्णै आता जाळ्या लावून बंद केलेली दिसतात किंवा पाडून तिथे दुकानाचा गाळा काढलेला दिसतो. आपल्याकडे काय वेगळं आहे? ओटीचा हॉल झाला, हॉलच्या बाहेर सेफ्टी डोअर आलं, आणि त्याच्याही बाहेर सोसायटीचं गेट. कुरिअर घेऊन आलेल्या मुलाला पाणी विचारायचं, तर त्याने ते कुठे बसून प्यावं, अशी जागाच नकाशात नाही. मी यात कोणाला दोष देत नाही. शहरात भीती खरी आहे आणि चौरस फुटाचा दर त्याहून खरा. पण हे घडलं आहे, एवढं तरी आपण आपल्याशी मान्य करावं.

म्हणून त्या सॅम्पल फ्लॅटकडे परत येतो. पुढच्या वेळी तुम्ही तिथे उभे राहाल, तेव्हा टाइल पाहा, खिडकीची दिशा पाहा, उजेड पाहा. सगळं पाहून झालं की एक प्रश्न स्वतःला विचारा. या घरात अचानक आलेल्या माणसाला बसायला जागा कुठे आहे? गॅलरीतला एक बाक चालेल. दाराबाहेर एक कट्टा चालेल. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याची वळकटी पसरता येईल एवढा मोकळा कोपरा चालेल. तो असेल, तर घर चारशे चौरस फुटांचं असलं तरी श्रीमंत आहे.

सरफोजींकडे राज्य नव्हतं. मुक्तांबाबाईंकडे राणीपद नव्हतं. जे उरलं होतं त्यातून त्यांनी वाटेवर एक घर केलं, आणि त्या वाटेवरच्या छत्रांत दिवसाचं शेवटचं काम काय असायचं, ते तुम्ही ऐकलंत. सगळे जेवले असतील असं वाटत असताना, निजायच्या आधी, एकदा घंटा वाजवायची आणि विचारायचं, ‘अजून कोणी राहिलंय का?’

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात असं एखादं छत्र, धर्मशाळा किंवा नुसता जुना ओटा उरला असेल, तर तिथे एकदा जाऊन बसून या. आणि तो कोणी, कोणाच्या नावाने बांधला, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.